करंटच्या मागावर : जानेवारी ते जुलै २०२४ च्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं. कारण साधं आहे, कुठल्या दिवशी कुठल्या कमिटवरून (कमिट म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला एक बदल) बिल्ड केलं, म्हणजे कोडमधून सिस्टिम बनवली, हे दोन आठवड्यांनी आठवत नाही आणि नेमकं तेव्हाच ते लागतं.

काय करतेय ते आधी लिहिते. फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची मेन ब्रँच, म्हणजे जिथे नवं काम आधी येतं ती करंट, दोन मशीनवर कायम ताजी ठेवायची. गेल्या ऑगस्टमध्ये स्टेबल १४ ची फांदी वेगळी झाली, तेव्हापासून मेन म्हणजे १५-करंट. १४.० नोव्हेंबरात रिलीज झालं आणि बरेच लोक आता त्यावर आहेत, मीही कामाच्या मशीनवर तेच वापरते आणि ते तसंच राहणार. करंट फक्त या दोघांवर : एक आठ कोअरचा डेस्कटॉप आणि एक जुना चार कोअरचा लॅपटॉप.

का, तर माझ्याकडे दोन छोटे पोर्ट सांभाळायला आहेत (पोर्ट म्हणजे एखादा प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर बनवून बसवायची तयार कृती). १४ मध्ये क्लँग १६ हा कंपायलर आला आणि त्याने सी मधली न सांगता वापरलेली फंक्शन्स, जी आधी नुसती वॉर्निंग देऊन सुटायची, ती सरळ एरर केली. माझे दोन्ही प्रोग्रॅम त्यावर पडले. मला ते कधी कळलं, तर रिलीज बाहेर आल्यावर, वापरणाऱ्यांनी सांगितल्यावर. हे सगळं मेनमध्ये कितीतरी महिने आधीपासून दिसत होतं, मी तिथे बघत नव्हते एवढंच. ते मला फार लागलं. १५ च्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

७ जानेवारी, रविवार

दोन्ही मशीनवर करंटचा या आठवड्याचा स्नॅपशॉट, म्हणजे तयार बिल्ड, टाकला, रूट झेडएफएस या फाइलसिस्टिमवर. झेडएफएस मुद्दाम, बूट एन्व्हायर्नमेंटसाठी. अपडेटच्या आधी अख्ख्या सिस्टिमची एक प्रत नाव देऊन बाजूला ठेवायची आणि बिघडलं तर लोडरच्या (बूट होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून जुनी निवडून बूट करायची, ती बनवायला दोन सेकंद लागतात आणि सुरुवातीला जागाही जवळपास लागत नाही. हे नसतं तर मी या फंदात पडलेच नसते.

मग सोर्स ट्री, म्हणजे सगळा मूळ कोड, गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) क्लोन केली. २०२० च्या डिसेंबरात सोर्स सबव्हर्जनवरून गिटवर आला, त्यामुळे जुन्या लेखांत दिसणाऱ्या कमांड आता चालत नाहीत, हे नवीन येणाऱ्याने लक्षात ठेवावं.

अपडेटचा क्रम भिंतीवर चिकटवलाय (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, वर्ल्ड म्हणजे त्यावरचे प्रोग्रॅम आणि लायब्ररी, ईटीसीअपडेट सेटिंगच्या फाइली जुळवतं) : बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट, ईटीसीअपडेट प-वाला (म्हणजे आधीचा छोटा), इन्स्टॉलवर्ल्ड, ईटीसीअपडेट पूर्ण, परत रीबूट, आणि सगळं चालतंय दिसलं की डिलीट-ओल्ड. कर्नल आधी का, तर नव्या कर्नलला जुने प्रोग्रॅम चालवता येतात, जुने सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे मागायची कामं, त्यात ठेवलेले असतात, पण उलटं नाही. नवीन लायब्ररीने एखादा सिस्टिम कॉल मागितला आणि खाली कर्नल जुना असला की प्रोग्रॅम तिथेच मरतो, आणि मरणाऱ्यांत शेल पण असू शकतो. २०१७ च्या मे मध्ये आयनोड (प्रत्येक फाइलचे आतले नंबर) ६४ बिटचे झाले तेव्हा हाच क्रम चुकवणारे अडकले होते, कारण त्या बदलाने फाइलची माहिती देणाऱ्या मूळच्या स्ट्रक्चरचा आकारच बदलला.

डेस्कटॉपवर पहिलं पूर्ण बिल्ड एक तास पाच मिनिटं. लॅपटॉपवर चार तासांच्या वर गेलं, मी झोपले.

१४ जानेवारी

पहिलं खरं अपडेट आणि पहिलाच दणका. लॅपटॉप रीबूट झाला, बूटचे मेसेज पळाले, आणि ग्राफिक्स सुरू व्हायच्या क्षणी काळा स्क्रीन, की-बोर्ड मेला, काहीच नाही.

लोडरमधून सिंगल यूजर या दुरुस्तीच्या मोडमध्ये गेले, तिथे ठीक. म्हणजे कर्नल चांगला आहे, पुढे आरसी (बूट होताना सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्ट) जे लोड करतं त्यात गडबड. रूट लिहिण्याजोगा केला, आरसी-कॉन्फमधून ग्राफिक्सचं मॉड्यूल (कर्नलमध्ये वरून लोड होणारा तुकडा) काढलं, बूट झालं.

चूक माझी. ग्राफिक्सचं डीआरएम मॉड्यूल पोर्टमधून येतं, सोर्स ट्रीमधून नाही. कर्नल नवा केला आणि मॉड्यूल आठवडाभर जुनं तसंच राहिलं. रिलीजवर हे चालून जातं कारण तिथे कर्नलचा आतला इंटरफेस सांभाळलेला असतो, करंटवर तसं काही वचन नाही. आणि कर्नल अशा मॉड्यूलला दारातच अडवेल असं मला वाटत होतं, ते पण खरं नाही, कारण तपासणी मुख्य आवृत्तीच्या आकड्यावर असते : दोन्ही १५ चेच, म्हणून लोड होऊ दिलं, आणि आतलं स्ट्रक्चर बदललेलं असलं की मग मेमरीत भलतीकडे हात जातो.

उपाय : मेकच्या (बिल्ड चालवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये पोर्ट्स-मॉड्यूल्स म्हणून एक व्हेरिएबल असतं, त्यात डीआरएमचा पोर्ट लिहिला. आता बिल्डकर्नलबरोबर ते मॉड्यूल त्याच सोर्सवर आपोआप बनतं. लगेच परत बिल्ड लावून तपासलं, स्क्रीन आला.

२८ जानेवारी

अपडेट झालं, दोन्हीकडे. लिहिण्यासारखं काही नाही.

४ फेब्रुवारी

लॅपटॉप हळू वाटतो, हे दोन आठवडे मनात होतं आणि आज कारण वाचलं. सोर्स ट्रीच्या मुळाशी अपडेटिंग नावाची फाइल असते, तिच्या अगदी वर, सगळ्या नोंदींच्या आधी, मोठ्या अक्षरात हेच लिहिलंय की करंट हळू वाटत असेल तर हे वाचा. मेनच्या जेनेरिक कर्नलमध्ये विटनेस आणि इन्व्हेरिएंट्स चालू असतात : विटनेस प्रत्येक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) कुठल्या क्रमाने घेतलं ते बघत बसतं, आणि इन्व्हेरिएंट्स म्हणजे डेव्हलपरांनी जागोजागी पेरलेल्या खात्री की इथे ही गोष्ट खरीच असली पाहिजे, नसेल तर तिथेच पॅनिक, म्हणजे कर्नल स्वतःच थांबतो. मेमरी वाटणाऱ्या मॅलॉकमध्ये पण जादा तपासण्या.

जेनेरिक-नोडीबग नावाचा दुसरा कॉन्फिग तयार मिळतो. डेस्कटॉपवर तो लावला कारण तिथे पोर्ट बिल्ड करायचे असतात. लॅपटॉपवर मात्र डीबगवालाच ठेवतेय. करंट चालवायचा आणि तपासण्या बंद ठेवायच्या म्हणजे मग आपण नुसते नवेपणा वापरतोय, प्रकल्पाला त्याचा काही उपयोग नाही, आणि मला तो व्हावासा वाटतो.

११ फेब्रुवारी

लॅपटॉपच्या लॉगमध्ये लॉक ऑर्डर रिव्हर्सल असा मेसेज आणि खाली लांबलचक स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी. पहिल्यांदा बघितल्यावर पोटात गोळा आला, पण याचा अर्थ एवढाच की दोन लॉक एकदा अ-ब आणि एकदा ब-अ असे घेतले गेले, यातून कधीतरी डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडून बसणं) होऊ शकतो, आत्ता झालेला नाही. बरेचसे आधीच माहीत असलेले आणि निरुपद्रवी असतात. स्टॅक कॉपी करून बगझिलात (प्रकल्पाच्या दोषांच्या नोंदवहीत) शोधला, आधीच नोंद होती, तिथे आपलं हार्डवेअर आणि कमिट जोडून आले.

त्यावरून सुचलं की उद्या खराच पॅनिक झाला तर माझ्याकडे पुरावा काय राहणार? म्हणून आज मुद्दाम पॅनिक करून बघितला. त्यासाठी एक सिस्कंट्रोल (कर्नलची चालू असताना बदलता येणारी सेटिंग) आहे, त्याला १ दिलं की कर्नल स्वतःहून पडतो. आणि बरं झालं बघितलं. डीबग कर्नल पॅनिकवर थेट डीबगरच्या प्रॉम्प्टवर जाऊन थांबतो, पण मी ग्राफिक्समध्ये असल्यामुळे तो प्रॉम्प्ट दिसतच नव्हता, मशीन नुसतं गोठल्यासारखं. आंधळेपणाने डंप (मेमरीची प्रत डिस्कवर लिहिण्याची कमांड) टाइप करायचं, मग रीसेट, असं जमतं म्हणतात, मला जमलं नाही. आता पॅनिकवर डीबगरमध्ये जाऊ नको, डंप लिही आणि रीबूट हो, अशी सेटिंग केली. दुसऱ्यांदा पाडलं तेव्हा स्वॅपवर डंप लिहिला गेला, बूट होताना तो व्हार-क्रॅशमध्ये आला आणि सोबत टेक्स्ट फाइलमध्ये स्टॅकसकट सारांश. डंपमध्ये फक्त कर्नलची पानं जातात म्हणून ८ जीबी रॅमच्या मशीनवर दीड जीबीपेक्षा कमीच भरला.

हे आधी करून ठेवा, पॅनिक झाल्यावर नाही. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी

डेस्कटॉपची डिस्क भरली. २५० जीबीची एसएसडी आणि वर्ल्ड मध्येच थांबलं, जागा नाही म्हणून.

जुने बूट एन्व्हायर्नमेंट सात होते, पण सिस्टिम एवढी मोठी नसते. बघितलं तर प्रत्येक प्रतीत जुन्या बिल्डचा सगळा ऑब्ज कचरा, म्हणजे बिल्ड होताना बनलेल्या मधल्या फाइली, अडकलेला. इन्स्टॉलर जे डेटासेट (झेडएफएसमधले वेगवेगळे कप्पे) करतो त्यात सोर्सला वेगळा डेटासेट मिळतो, पोर्ट्सला मिळतो, पण यूएसआर-ऑब्जला नाही, तो रूटच्या डेटासेटमध्येच राहतो. म्हणजे प्रत्येक वेळी अपडेटच्या आधी प्रत काढली की त्या क्षणीच्या ऑब्ज फाइल पण त्या प्रतीत गोठतात, आणि नंतर मी ऑब्ज पुसलं तरी जागा सुटत नाही कारण स्नॅपशॉटने ती धरून ठेवलेली असते. ऑब्जसाठी वेगळा डेटासेट केला, जुन्या पाच प्रती उडवल्या, दीडशेच्या वर जीबी मोकळे झाले.

आता दोनच प्रती ठेवायच्या, एक कालची आणि एक "नक्की चालणारी". नावात तारीख आणि कमिटचे पहिले आठ आकडे.

आणि झेडपूल अपग्रेडबद्दल (पूल म्हणजे झेडएफएसचा डिस्कसाठा) इथेच लिहून ठेवते. स्टेटस बघितलं की ते सांगत राहतं की नवीन फीचर उपलब्ध आहेत, पूल अपग्रेड करा. करायचं नाही. फीचर चालू झालं की ते न ओळखणारा जुना कर्नल पूल लिहिण्यासाठी उघडू शकत नाही, मग मागे जायला ठेवलेल्या प्रती असून नसल्यासारख्या. शिवाय २०२३ च्या एप्रिलमध्ये ओपनझेडएफएसचं ब्लॉक क्लोनिंग (डेटा परत न लिहिता फाइलची प्रत करणं) मेनमध्ये आलं आणि त्यातून डेटा खराब झाल्याचं दिसल्यावर ते बंद ठेवावं लागलं. फाइलसिस्टिमच्या बाबतीत पहिल्या रांगेत बसायची मला अजिबात हौस नाही, तिथे मी रिलीज होईपर्यंत थांबेन.

१० मार्च

ईटीसीअपडेटने तीन फाइलींत कॉन्फ्लिक्ट सांगितला. पूर्वी मर्जमास्टर होतं, प्रत्येक फाइल समोर आणून ठेव का बदल विचारायचं, आणि कंटाळून कधी तरी स्वतःची पासवर्ड फाइल कोऱ्या फाइलने बदलली जायची. ईटीसीअपडेट तिन्ही बाजू बघतं, जुन्या सोर्समधली मूळ फाइल, नव्या सोर्समधली आणि तुमची, आणि जमेल ते स्वतः जुळवतं. उरलेलं रिझॉल्व्ह म्हणून हाताने. पाच मिनिटांत झालं.

तो प-वाला छोटा ईटीसीअपडेट इन्स्टॉलवर्ल्डच्या आधी का, हे पण आज समजून घेतलं. २०१८ च्या जुलैत घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीडी साठी नवीन यूजर आला, १२३ नंबरचा. इन्स्टॉलवर्ल्ड फाइलींची मालकी अशा यूजरना देतो, यूजरच नसेल तर अर्ध्यात थांबतो, आणि अर्धं नवं अर्धं जुनं वर्ल्ड ही सगळ्यात वाईट अवस्था. म्हणून यूजर आधी.

३० मार्च, शनिवार

आज बिल्ड नाही. काल रात्रीपासून एक्सझेडचंच वाचतेय.

थोडक्यात : एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ च्या रिलीज टारबॉलमध्ये (प्रसिद्ध केलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) कुणीतरी बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घातलेलं सापडलं, आणि घालणारा बाहेरचा चोर नाही तर दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाराच. सापडलं ते अँड्रेस फ्रॉइंड यांना. डेबियन लिनक्सच्या सिड या सगळ्यात पुढच्या, अस्थिर आवृत्तीवर पोस्टग्रेस डेटाबेसची मोजमापं घेत असताना एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि सीपीयू खातंय हे त्यांना खटकलं, त्याआधी व्हॅलग्रिंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या साधनाचे विचित्र एरर दिसले होते ते आठवले, आणि ते माग काढत गेले.

मी उठून लगेच माझ्या मशीनवर एक्सझेडची आवृत्ती बघितली. ५.६.०. हात थंड पडले, खोटं कशाला सांगू.

मग फ्रीबीएसडीच्या सिक्युरिटी ऑफिसरचं निवेदन वाचलं आणि दोनदा वाचलं. मेन, स्टेबल १४ आणि स्टेबल १३ या ब्रँचमध्ये ५.६.० आहे हे खरं, रिलीजमध्ये मात्र त्याच्या आधीच्याच आवृत्त्या. पण ट्रीत आणताना बॅकडोअरचे तुकडे आलेच नाहीत, आणि फ्रीबीएसडी एक्सझेडची स्वतःची बिल्ड पद्धत वापरत नाही, स्वतःच्या मेकफाइलने बिल्ड करते, आणि हल्ल्याला तर ती मूळची बिल्ड पद्धतच लागत होती कारण विष टेस्टच्या फाइलींत लपवलेलं होतं आणि टारबॉलमधली एक बिल्ड स्क्रिप्ट ते बाहेर काढायची. वर हल्ला नेमका ६४ बिट इंटेलच्या, जीलिबसी ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर रोखलेला. म्हणून फ्रीबीएसडीला धक्का नाही.

दिवसभर डोक्यात हे चाललंय की हे कुणापर्यंत पोचलं होतं बघा : डेबियनचं टेस्टिंग आणि सिड, फेडोराचं रॉहाइड आणि ४० चा बीटा, ओपनसुसे टंबलवीड. डेबियन स्टेबलवर नाही. म्हणजे माझ्यासारख्याच लोकांपर्यंत, जे सगळ्यात पुढचं वापरतात. नवीन चालवण्याची ही किंमत आहे आणि ती नाकारून चालणार नाही, कामाच्या मशीनच्या चाव्या या दोन मशीनवर मी ठेवत नाही ते बरोबरच आहे, आज एक राहिलेली होती ती पण काढली. पण दुसरी बाजू पण तितकीच खरी आहे, की ते पकडलं सिडवर बसलेल्या माणसाने. सगळे स्टेबलवर बसले असते तर हे स्टेबलमध्ये येऊन बसलं असतं आणि मग अर्धा सेकंद कुणाला खटकला असता, कधी खटकला असता, माहीत नाही. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. मी लॅपटॉप "हळू वाटतो" म्हणून दोन आठवडे नुसती बसले होते, कारण शोधलं नव्हतं. ते मला आज फार आठवलं.

म्हणून आजपासून प्रत्येक अपडेटनंतर काही आकडे टिपणार : बूटला लागलेला वेळ, एसएसएच लॉगिनचा वेळ, एका ठरावीक पोर्टच्या बिल्डचा वेळ. वही केली.

१४ एप्रिल

या महिन्यात एलएलव्हीएम १८, म्हणजे क्लँग कंपायलर ज्यात येतो तो संच, ट्रीत आला. नेहमी बिल्ड करताना सिस्टिममधला कंपायलर आणि ट्रीमधला कंपायलर एकाच आवृत्तीचे असले की तोच वापरून पुढे जातात, वेळ वाचतो. आवृत्ती बदलली की आधी जुन्या कंपायलरने नवा बनवायचा, मग त्या नव्याने सगळं वर्ल्ड, ज्यात तो कंपायलर परत एकदा येतोच. म्हणजे क्लँग दोनदा.

डेस्कटॉप : दोन तासांच्या थोडं खाली. लॅपटॉप : रात्री अकराला लावलं, सकाळी आठला पण चालूच होतं. मेटा मोड लावलेला असूनही, कारण कंपायलर बदलला की सगळ्या फाइली परत बनवणं भागच आहे. (मेटा मोडबद्दल : फाइलमॉन मॉड्यूल लोड करून हा मोड चालू केला की प्रत्येक फाइल बनताना नेमकं काय काय वाचलं गेलं याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी फक्त बदललेलंच बनतं. साध्या आठवड्यात डेस्कटॉपचं बिल्ड दहा-बारा मिनिटांवर येतं. जरूर लावा.)

लॅपटॉपसाठी पुढच्या वेळी वेळ वाचावा म्हणून तिथल्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स-ओव्हरराइड टाकलं, म्हणजे कर्नलबरोबर शेकडो मॉड्यूल न बनवता मला लागणारी आठच बनवायची.

५ मे

लॅपटॉप अपडेट केला. टचपॅड मेला. माउस लावला तर चालतो, की-बोर्ड चालतो, टचपॅड नाही.

एप्रिलच्या प्रतीत बूट केलं, टचपॅड चालतो. म्हणजे रिग्रेशन, आधी चालणारं नव्या बदलाने बिघडलेलं. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला, याचसाठी तर बसलेय. मधे सहाशेच्या आसपास कमिट, गिट बायसेक्टने (दर वेळी मधला कमिट तपासून निम्मे बाद करत) दहाएक पायऱ्या. लॅपटॉपवर कशाला, डेस्कटॉपवरच कर्नल बनवून एका फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचा, तो लॅपटॉपवर वेगळ्या नावाने कॉपी करायचा आणि लोडरच्या मेनूतून निवडायचा. खालचं वर्ल्ड एप्रिलचं ठेवलं, कारण सगळे कर्नल त्याच्यापेक्षा नवेच असणार.

११ मे

आठवडाभर रोज रात्री दोन-दोन पायऱ्या. पहिला कर्नल चांगला. दुसरा चांगला. तिसरा चांगला...

१२ मे

दहाही चांगले, आणि बायसेक्टने गुन्हेगार म्हणून शेवटच्या कमिटवर बोट ठेवलं, जो एका मॅन पेजमधलं (मदतीच्या पानातलं) स्पेलिंग सुधारणारा आहे.

अर्धा तास नुसती बघत बसले. मग उमगलं. वाईट म्हणून जे टोक मी धरलं ते मी लॅपटॉपवर बनलेल्या कर्नलवरून धरलं, आणि तपासलेले सगळे डेस्कटॉपवर बनलेले. तेच शेवटचं कमिट डेस्कटॉपवर बनवून लॅपटॉपवर चालवलं, टचपॅड मस्त चालतो. फरक कोडमध्ये नाहीच, फरक १४ एप्रिलला मी लॅपटॉपवर टाकलेल्या त्या आठ मॉड्यूलच्या यादीत. हा टचपॅड आयटूसी या आतल्या जोडणीवर बसतो, त्याला कंट्रोलरचं आयजी४ लागतं, आयआयसीहिड लागतं, आणि वर मल्टिटचचं एचएमटी. ही मी कधीच हाताने लोड केली नव्हती, बूट होताना डेव्हमॅच हार्डवेअर बघून आपोआप लोड करतं, त्यामुळे "मला लागणारी" यादी करताना ती माझ्या डोक्यात आलीच नाहीत. बनलीच नाहीत तर डेव्हमॅच लोड तरी काय करणार.

ओव्हरराइड काढून टाकलं.

नियम, मोठ्या अक्षरात वहीत : बायसेक्ट सुरू करायच्या आधी दोन्ही टोकं, चांगलं आणि वाईट, त्याच मशीनवर त्याच पद्धतीने बनवून तपासायची. एक संध्याकाळ जाते, आठवडा वाचतो. आणि बगझिलात रिपोर्ट लिहून तयार होता, पाठवला नव्हता. पाठवला असता तर कुणाची तरी संध्याकाळ माझ्या सेटिंगपायी गेली असती.

९ जून

१४.१ या आठवड्यात, ४ तारखेला, रिलीज झालं. कामाचं मशीन फ्रीबीएसडी-अपडेट या तयार पॅच आणणाऱ्या कमांडने वीस मिनिटांत वर गेलं. ते बघून बरं वाटतं, आणि करंटला ही सोय नाही हे पण परत जाणवतं, तिथे या कमांडने बायनरी पॅच येत नाहीत, मी जे काय करते ते सोर्समधून.

आता महत्त्वाचं. डेस्कटॉपवर पूड्रिएरमध्ये (पोर्ट वेगळे ठेवून बिल्ड करणाऱ्या साधनात) करंटचं जेल, म्हणजे एक बंदिस्त सिस्टिम, केलंय, स्वतःच्या सोर्स ट्रीवरून, आणि दर अपडेटनंतर त्यात माझे दोन्ही पोर्ट बिल्ड करते. पाच महिने दोन्ही हिरवे, म्हणजे बिनचूक, होते. आज एक पडला. सी लायब्ररीच्या हेडरमध्ये नवीन फंक्शन जाहीर झालंय आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये त्याच नावाचं माझं स्वतःचं स्टॅटिक फंक्शन, दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं. कंपायलर म्हणतो आधी एक जाहीर झालंय, तू वेगळंच सांगतोस.

दोन मार्ग होते. कर्नल आणि वर्ल्डचा जो सात आकडी आवृत्ती नंबर असतो, करंटचा सध्या १५००० ने सुरू होणारा, तो बघून अमुक नंतर माझं फंक्शन वगळायचं. किंवा माझ्या फंक्शनला प्रोग्रॅमच्या नावाचा उपसर्ग लावायचा आणि विषय संपवायचा. दुसरा केला, कारण पहिल्यात दर नव्या सिस्टिमसाठी एक नवी अट वाढत जाते आणि मग ते जंगल कुणालाच कळत नाही. अकरा ओळी बदलल्या. १४.१ वर तपासलं, करंटवर तपासलं, दोन्ही हिरवे. नवी आवृत्ती काढली, पोर्ट अपडेटचा पॅच लावला.

१५ वापरणाऱ्या कुणालाही हा एरर दिसणार नाही. जानेवारीत जे लिहिलं होतं ते हेच.

२ जुलै, मंगळवार

काल ओपनएसएसएचमधल्या (एसएसएच लॉगिन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) दोषाचं आलं. लॉगिनची मुदत संपल्यावर जो सिग्नल हँडलर चालतो त्यातून असुरक्षित फंक्शन बोलावली जातात आणि त्यातून होणाऱ्या वेळेच्या शर्यतीतून (रेस कंडिशन) बाहेरच्याला रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळू शकतं, २००६ मध्ये दुरुस्त झालेला दोष ८.५ मध्ये परत शिरलेला. फ्रीबीएसडीने काल लगेच अॅडव्हायझरी काढली. कामाचं मशीन काल रात्रीच पॅच केलं.

करंटच्या दोघांवर पूर्ण बिल्ड होईपर्यंत थांबायचं नव्हतं, म्हणून आधी एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये लॉगिनची मुदत ० केली आणि सर्व्हिस रीस्टार्ट. यात कुणी कनेक्शन उघडून अडवून बसू शकतं, पण तो त्रास रूट जाण्यापेक्षा कितीतरी बरा. मग ट्री पुल केली, दुरुस्ती आलेली होती, बिल्ड लावलं. डेस्कटॉप चौदा मिनिटं. लॅपटॉपला उद्या सकाळ होईल. झाल्यावर ० काढायचं, विसरायचं नाही.

वहीतला एसएसएच लॉगिनचा आकडा : एप्रिलपासून आजपर्यंत सरळ रेष, आज पण तीच.

३ जुलै

लॅपटॉप झाला. ० काढलं, दोन्हीकडे.

१४ जुलै

पुल केला. अपडेटिंग आधी वाचली, मागच्या तारखेपर्यंत खाली येईस्तोवर. लागू पडणारं काही नाही. प्रत काढली, बिल्ड लावलंय, ग्राफिक्सचं मॉड्यूल सोबत बनतंय ते लॉगमध्ये दिसलं. डिलीट-ओल्ड-लिब्स अजून केलेलं नाही, पूड्रिएरचं होऊन सगळी पॅकेजेस नव्याने बसली की मगच, नाहीतर जुन्या लायब्ररीवर अडकलेला एखादा प्रोग्रॅम उघडायचा नाही.

लॅपटॉपचं बूट आज तीन सेकंद जास्त. दोनदा मोजलं, दोनदा तेच. उद्या आधी हे बघायचं.